गाण्यानं वैर मिटतं का? श्रीलंकेचा दाखला

सव्वीस वर्षं एकमेकांचे जीव घेतलेल्या दोन समाजांना एका मांडवात बसवून गाणं ऐकवलं, तर त्यांच्यातलं वैर कमी होतं का? हा प्रश्न निघाला की दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं असं की होणारच, सुरांना कुठे जातधर्म असतो! दुसरं असं की हे सगळे परदेशी पैशावरचे सोहळे, लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. दोन्हींत फक्त मांडव दिसतो, तालमीची खोली दिसत नाही. आपल्याला त्या खोलीपर्यंत जायचं आहे, पण थोड्या वळणानं.

दाखला घेऊ श्रीलंकेचा. देश शेजारचा आहे आणि त्याच्या संगीतात मुंबईत जन्मलेल्या दोन माणसांचा हात आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

१. आधी थोडी पार्श्वभूमी

श्रीलंकेत सुमारे तीन चतुर्थांश लोक सिंहली भाषक आहेत, आणि त्यांतले बहुतेक बौद्ध. उत्तरेला जाफना आणि पूर्वेला बट्टिकलोआ या भागांत तमिळ भाषक जास्त. त्यांत हिंदू अधिक, पण ख्रिस्ती कमी नाहीत. मुसलमान सुमारे दहा टक्के, आणि मध्यभागातल्या चहाच्या मळ्यांत इंग्रजांनी तमिळनाडूतून नेलेल्या मजुरांचे वंशज.

१९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा झाला. सरकारी नोकरीतल्या तमिळ माणसाला आपल्याच देशात एकाएकी निरक्षर झाल्यासारखं वाटलं असेल, तर नवल नाही. १९८१ मध्ये जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं आणि त्यात सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं राख झाली. जुलै १९८३ मध्ये तमिळांविरुद्ध भीषण दंगली झाल्या आणि युद्ध पेटलं. एका बाजूला सरकारी सैन्य, दुसऱ्या बाजूला एलटीटीई, म्हणजे वृत्तपत्रांतले ‘तमिळ वाघ’. याच एलटीटीईनं १९९० मध्ये उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना घरं सोडून जायला लावलं. मे २००९ मध्ये सैन्यानं एलटीटीईचा पाडाव केला. शेवटच्या काही महिन्यांतच ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळानं २०११ साली म्हटलं.

असं युद्ध संपलं म्हणजे बंदुका थांबतात एवढंच. त्यानंतर एका पिढीला शेजारी म्हणून जगायचं असतं, तेही अशा शेजाऱ्याबरोबर ज्याची भाषा येत नाही आणि ज्याच्या भागात कधी पाऊल टाकलेलं नाही. युद्धाच्या काळात दक्षिणेत वाढलेल्या कित्येक तरुणांनी जाफना फक्त बातम्यांत पाहिलं होतं.

२. गाणं काही बिचारं नसतं

संगीत जोडतं असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट आधी कबूल करायला हवी. ते तोडायलाही तितकंच उपयोगी पडतं.

श्रीलंकेत दोन्ही बाजूंनी गाणी वापरली. एलटीटीईचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं, आणि रणगीतं, हुतात्म्यांची गाणी यांवर तरुण मुलं लढायला निघत. दक्षिणेत सैनिकांच्या शौर्याची गाणी लिहिली गेली आणि घरोघर वाजली. दोन्हींकडच्या चाली कानाला गोड होत्या, हीच तर अडचण.

याहून भयंकर उदाहरण रवांडाचं. तिथला सिमॉन बिकिंदी हा अतिशय लोकप्रिय गायक-संगीतकार. १९९४ च्या नरसंहारात त्याची गाणी द्वेष पसरवणाऱ्या रेडिओवरून सतत वाजत होती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं २००८ साली त्याला १५ वर्षांची शिक्षा सुनावली. ही शिक्षा मात्र गाण्यांसाठी नव्हती. रस्त्यानं जाताना ध्वनिक्षेपकावरून त्यानं तुत्सी समाजाच्या लोकांना संपवण्याची जी चिथावणी दिली, तिच्यासाठी होती. गाणं गुन्हा आहे की नाही हे ठरवताना न्यायाधीशांनाही किती जपून पावलं टाकावी लागली, ते यावरून कळावं.

तेव्हा सूर आपोआप कुणाच्या बाजूचे नसतात. ते कोण वापरतो, कुठे, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून काय आहे, यावर सगळं ठरतं. एकदा हे मान्य केलं की पुढचा प्रश्न सरळ होतो. संगीत कशा पद्धतीनं वापरलं तर ते जोडण्याच्या कामी येतं?

३. एकाच बेटावर दोन विशारद

उत्तराकडे जाण्याआधी पाहू की या बेटावर सिंहली आणि तमिळ संगीत वेगळं पडलं कसं. ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या पारशी नाटक कंपन्या कोलंबोला जाऊ लागल्या. झगमगीत पडदे, भरजरी पोशाख आणि हिंदुस्थानी रागांवर बांधलेली पदं. कोलंबोचे लोक खुळावले. लगेच सिंहलीतही तशी नाटकं होऊ लागली. त्यांना ‘नूर्ती’ म्हणत. या रंगभूमीचे मोठे नाटककार जॉन डी सिल्व्हा. त्यांनी चाली बांधायला विश्वनाथ लावजी या संगीतकारांना भारतातून बोलावून घेतलं. १९०३ च्या सुमारास ‘सिरिसंगबो’ या नाटकासाठी लावजींनी बांधलेलं ‘दन्नो बुदुंगे’ हे पद आज सिंहली बौद्धांना इतकं आपलं वाटतं की त्याची चाल परदेशी पाहुण्यानं बांधली, हे बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतं. आपल्याकडे नाट्यपदं देवळातल्या भजनापर्यंत जाऊन पोहोचली, त्यातलाच हा प्रकार.

मग आले भातखंडे. म्हणजे ते स्वतः नव्हे, त्यांची पद्धत आली. विष्णु नारायण भातखंडे मुंबईत वाळकेश्वरला जन्मले. त्यांनी रागसंगीताला वर्गात शिकवता येईल असं रूप दिलं. दहा थाट, स्वरलिपी, मराठीतली क्रमिक पुस्तकं, आणि १९२६ साली लखनौला निघालेलं मॉरिस कॉलेज, जे पुढे भातखंडे यांच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. सिंहली तरुण शिकायला तिथे जात. डब्ल्यू. डी. अमरदेव, ज्यांना सिंहली संगीतात आपल्याकडच्या भीमसेनांइतका मान आहे, ते याच कॉलेजचे विद्यार्थी. लखनौहून ‘विशारद’ होऊन परतलेला माणूस नावापुढे ती पदवी अभिमानानं लावी. आजही सिंहली गायकांच्या नावांत ‘विशारद’ दिसतं.

दुसरा मुंबईकर म्हणजे श्रीकृष्ण रातंजनकर. भातखंड्यांचे पट्टशिष्य आणि मॉरिस कॉलेजचे प्राचार्य. १९५२ साली रेडिओ सिलोननं त्यांना कलावंतांची परीक्षा घेऊन प्रतवारी लावायला बोलावलं. (त्याच वर्षी दिल्लीत बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले, आकाशवाणीवरून हिंदी सिनेगीतं हटली आणि आपले आजोबा ‘बिनाका गीतमाला’साठी रेडिओ सिलोन लावू लागले. एका मराठी माणसामुळे सिलोन आपल्या घरात आलं आणि दुसरा मुंबईकर सिलोनच्या घरात गेला.) रातंजनकरांच्या परीक्षेवरून मोठं वादळ उठलं. सुनील शांत हे तेव्हाचे अत्यंत लोकप्रिय गायक. गंमत म्हणजे तेही लखनौलाच शिकलेले. पण सिंहली गाण्याची स्वतःची वाट असावी, या मताचे. त्यांनी परीक्षेला बसायलाच नकार दिला आणि रेडिओचं दार त्यांना बंद झालं. रातंजनकरांनी मात्र तिथल्या कलावंतांना इथल्या लोकगीतांचा आधार घ्या, असंच सुचवलं होतं. पुढे अमरदेव आणि इतरांनी तेच काम हाती घेतलं.

इकडे जाफन्यात काय चाललं होतं? तिथलं तोंड चेन्नई आणि चिदंबरमकडे. कर्नाटक संगीत, देवळातलं सनईसारखं नागस्वरम आणि तविल हा ढोल. जाफन्याच्या तविलवादकांना तमिळनाडूतही मान होता. नल्लूरच्या कंदस्वामी मंदिराच्या उत्सवात हे वादन ऐकायला लोक रात्ररात्र बसत.

म्हणजे संगीत शिकणारं सिंहली मूल लखनौकडे पाही आणि तमिळ मूल चेन्नईकडे. एक भूपाली शिकलं, दुसरं मोहनम. स्वर तेच पाच, सा रे ग प ध, पण नावं वेगळी, गुरू वेगळे, परीक्षा वेगळ्या. बेट एक आणि त्यावरचे विशारद दोन जातींचे. यात कुणाचा कट नव्हता. दोघांनीही भारताकडून घेतलं, फक्त एकमेकांकडून काही घेतलं नाही. माझ्या मते पुढच्या दुराव्याचं हे एक शांत, कुणाच्या डोळ्यांवर न आलेलं कारण होतं.

४. मुळात मात्र उसनवारी

शिकवणीच्या वर्गातून बाहेर पडून गावच्या खेळाकडे गेलं की चित्र पालटतं.

तमिळ भागात ‘कूत्तु’ हे लोकनाट्य आहे. रात्रभर चालणारं, गाणं, नाच आणि मद्दळम या ढोलाच्या तालावर पात्रांचं येणं. आपल्या दशावताराची आठवण व्हावी असं. किनाऱ्यावरच्या तमिळ कॅथलिकांनी कूत्तुमधून संतांच्या कथा सांगायला सुरुवात केली. तिथून तो प्रकार सिंहली कॅथलिकांकडे गेला आणि ‘नाडगम’ झाला. फिलिप्पु सिंघो नावाच्या लोहारानं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंहली नाडगमं रचली. नाडगमाच्या कित्येक चाली सरळ तमिळ कर्नाटक वळणाच्या. नूर्तीच्या झगमगाटापुढे नंतर नाडगम मागे पडलं आणि अंबलंगोडसारख्या दक्षिणेच्या गावांतल्या म्हाताऱ्या गुरूंपुरतं उरलं.

त्याला पुन्हा उभं केलं एदिरिवीर सरच्चंद्र यांनी. पेरादेणिय विद्यापीठातले प्राध्यापक, काही काळ शांतिनिकेतनात राहिलेले. सिंहलींचं स्वतःचं नाटक कोणतं, या प्रश्नाचा पाठपुरावा करत ते खेड्यांत फिरले, लोकनाट्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि नाडगमाचे जुने जाणकार चार्ल्स सिल्व्हा गुणसिंघे गुरुन्नान्से यांच्याकडून चाली घेऊन ‘मनमे’ हे नाटक बसवलं. पहिला प्रयोग कोलंबोत, ३ नोव्हेंबर १९५६. भाषेचा कायदा त्याच वर्षी काही महिने आधी झाला होता. सिंहली अस्मितेचं हे शिखर मानलं गेलेलं नाटक तमिळ कूत्तुच्या नातवासारखं होतं, हे तेव्हा किती प्रेक्षकांना माहीत होतं कोण जाणे.

पेरादेणिय विद्यापीठातच तमिळ विभागात सु. वित्तियानंदन होते. सरच्चंद्रांचं काम ते जवळून पाहत होते. त्यांना वाटलं, आपल्याकडे तर कूत्तु अजून जिवंत आहे, मग आपण ते रंगमंचावर का आणू नये? साठच्या दशकात त्यांनी बट्टिकलोआच्या गुरूंना बोलावून विद्यार्थ्यांकडून ‘कर्णन पोर’, ‘रावणेसन’ अशी नाटकं बसवून घेतली. रात्रभराचा खेळ दोनएक तासांत बसवला, दिवाबत्ती आधुनिक केली आणि गाभा तसाच ठेवला. पुढे ते जाफना विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

इथे जरा थांबू, कारण देवाणघेवाण म्हणजे नेमकं काय, ते या दोन प्राध्यापकांत स्पष्ट दिसतं. तमिळ खेळ सिंहली गावात गेला, तिथे बदलला, शतकभरानं विद्यापीठात आला आणि तिथून उलट फिरून त्यानं तमिळ रंगभूमीला जाग आणली. कुणी कुणाला सौहार्दाचं भाषण दिलं नाही. एकाचं काम दुसऱ्यानं धंद्याच्या नजरेनं पाहिलं आणि त्यातून आपल्या कामाचं काही उचललं.

तरीही वीस वर्षांत देश पेटला. हे लपवून चालणार नाही. मुळं एक असणं हे वैर टाळायला पुरेसं नसतं, उलट कित्येकदा ‘हे मूळचं आमचंच’ या वादाला तेच तेल पुरवतं. बल्गेरियाच्या दिग्दर्शिका आदेला पेएवा यांनी २००३ साली एक माहितीपट केला. एकच चाल घेऊन त्या तुर्कस्तान, ग्रीस, अल्बानिया, बोस्निया, सर्बिया असे फिरल्या आणि हे गाणं कुणाचं, असं विचारत गेल्या. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच आलं, आमचं. काही ठिकाणी तर लोक हमरीतुमरीवर आले. युद्धानंतर नुसतं ‘बघा, आपलं संगीत एकच’ असं सांगत फिरणाऱ्यांनी हा माहितीपट जरूर पाहावा.

५. एका पंगतीला बसणं आणि एकत्र रांधणं

मग उपयोग होतो कशाचा? इथे मानसशास्त्रातली एक कल्पना समजून घेऊ. १९५४ साली गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन अभ्यासकानं पूर्वग्रहांवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, दोन गटांची माणसं नुसती जवळ आली म्हणून पूर्वग्रह जात नाहीत. त्यासाठी चार अटी लागतात. त्या भेटीत दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, काहीतरी समान ध्येय हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागलीच पाहिजे, आणि वरच्यांचा, म्हणजे सरकार, शाळा, समाजातले वडीलधारे यांचा, त्याला पाठिंबा हवा.

या अटी लावून मैफल तपासा. पाच हजार माणसं मैदानात बसली आहेत, मंचावर छान वादन चाललं आहे. समान ध्येय? काही नाही. एकमेकांची मदत? शेजारी कोण बसलंय हेही ठाऊक नाही. हे पंगतीला बसण्यासारखं झालं. शेजारच्याशी न बोलताही पान वाढलं जातं आणि जेवून उठता येतं. तालीम मात्र एकत्र स्वयंपाक करण्यासारखी. तिथे दुसऱ्यानं मीठ घातलं की नाही हे विचारावंच लागतं.

अशा सहवासाचं फळ किती, हेही मोजून पाहिलं गेलं आहे, संगीतात नव्हे पण खेळात. सल्मा मूसा या राज्यशास्त्राच्या संशोधिकेनं इराकमध्ये इस्लामिक स्टेटच्या तडाख्यातून उठलेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल स्पर्धेत काही संघांत मुसलमान खेळाडू घातले आणि काही संघ निव्वळ ख्रिस्ती ठेवले. २०२० मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मिश्र संघांतले ख्रिस्ती खेळाडू आपल्या मुसलमान साथीदारांशी पुढेही चांगलं वागले, सहा महिन्यांनीही त्यांच्याबरोबर सराव करताना दिसले. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांविषयीची भावना फारशी बदलली नाही. म्हणजे अब्दुल चांगला, बाकीच्यांचं माहीत नाही.

हा निष्कर्ष मला निराश करणारा वाटत नाही. तो फक्त आकडा लहान आहे असं सांगतो. ज्यांनी एकत्र काम केलं, त्यांच्यापुरतं काम झालं. मग प्रश्न उरतो की अशी माणसं किती तयार करायची आणि ती पुढे कुणाला काय शिकवतील.

६. सात मात्रांचा हिशेब

तालमीच्या खोलीत नेमकं काय घडतं, ते एका छोट्या उदाहरणानं पाहू.

समजा, कँडीच्या बाजूचा एक सिंहली ढोलकरी आहे. त्याच्या कमरेला ‘गेट बेरय’, दोन्ही हातांनी वाजवायचा, मधे फुगीर असा ढोल. समोर जाफन्याचा तविलवाला. त्याच्या एका हातात आखूड काठी, दुसऱ्या हाताच्या बोटांवर कडक टोप्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही आणि इंग्रजीही बेताची.

सिंहली तालपद्धतीत छोटे घटक असतात. दोन मात्रांचा लहान, तीनचा मधला, चारचा मोठा. हे जोडून मोठे ताल होतात. मधला अधिक मोठा, म्हणजे तीन अधिक चार, सात मात्रा. तविलवाल्याकडे मिश्र चापू नावाचा ताल आहे. तोही तीन अधिक चार. (आपला रूपकही सातच मात्रांचा, पण आपण तो तीन, दोन, दोन असा मोजतो.)

आता करून पाहा. एकानं ‘एक दोन तीन, एक दोन तीन चार’ असं तोंडानं म्हणत पहिल्या ‘एक’वर टाळी द्यायची, दुसऱ्यानं त्याच टाळीवर आपला आघात घ्यायचा. दोनचार आवर्तनांत जुळतं. मग पहिला लबाडी करतो, सातच्या जागी चार-चारची आवर्तनं घेऊ लागतो. चारची सात आवर्तनं झाली की अठ्ठावीस, आणि सातची चार झाली तरी अठ्ठावीस. तेवढा वेळ दोघांनी आपापलं धरून ठेवलं तर एकोणतिसाव्या मात्रेला दोघे पुन्हा एकाच आघातावर येतात. न आले, तर कोण चुकलं हे दोघांनाही लगेच कळतं आणि हसू येतं.

ऑलपोर्टच्या पहिल्या तीन अटी या अर्ध्या तासात भागतात. दर्जा बरोबरीचा, कारण इथे बहुसंख्याक असण्याचा काही फायदा नाही, सात सगळ्यांना सातच. ध्येय एक, सम गाठायची. आणि दुसऱ्याला ऐकल्याशिवाय ती गाठता येत नाही. चौथी अट, वरच्यांचा पाठिंबा, ती खोलीबाहेर आहे. तिच्याकडे येऊच.

७. दोन प्रयोग

युद्ध संपल्यावर ‘सेवालंका’ ही श्रीलंकेतली विकाससंस्था आणि शाळाशाळांत मैफली नेणारी नॉर्वेची ‘रिक्सकोन्सेर्तेने’ ही सरकारी संगीतसंस्था यांनी मिळून एक कार्यक्रम आखला. २००२ चा युद्धविराम घडवण्यात नॉर्वेनं मध्यस्थी केली होती, तेव्हा हे नाव तिथे नवं नव्हतं, आणि सिंहली राष्ट्रवाद्यांना ते फारसं आवडतही नव्हतं. मार्च २०११ मध्ये तीन दिवसांचा जाफना संगीत महोत्सव झाला. देशाच्या वेगवेगळ्या भागांतले लोककलावंत आणि काही परदेशी गट त्यात होते. पुढे एक वर्ष उत्तरेत जाफना आणि एक वर्ष दक्षिणेत गॉल, असा क्रम ठेवला गेला.

या महोत्सवाची निवड मला शहाणपणाची वाटते ती एका कारणासाठी. त्यांनी सिनेतारका आणल्या नाहीत, गावचे खेळ आणले. दक्षिणेतला मुखवटा घालून नाचणारा कोलमवाला जाफन्याला गेला, उत्तरेतले कूत्तुवाले गॉलला आले. मंचावरच्या दीड तासाहून मोलाचा वेळ मंचामागे, बसमध्ये आणि जेवणाच्या रांगेत गेला असणार. आणि तिथे भेटणारे दोघेही जाणकार, म्हणजे ‘तुमचं चामडं कोणतं, ओढ कशी देता’ हा प्रश्न विचारू शकणारे.

दुसरा प्रयोग याहून लहान आणि मला अधिक पटणारा. ‘द म्युझिक प्रोजेक्ट’ या नावानं शालिनी विक्रमसूरिय यांनी २०१० च्या सुमारास तो सुरू केला. युद्धाचा शेवटचा घाव बसला त्या उत्तरेतल्या मुल्लैतिवू जिल्ह्यातल्या तमिळ शाळा आणि कुरुणेगल या सिंहली जिल्ह्यातल्या ग्रामीण शाळा निवडल्या. मुलांना व्हायोलिनसारखी पाश्चात्त्य वाद्यं आठवड्या-आठवड्यानं शिकवायची, आणि ठरावीक काळानं दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलांना एकत्र आणून एकच वाद्यवृंद करायचा.

वाद्यं पाश्चात्त्य का, असा प्रश्न आपल्या मनात येतो. आपलं सोडून हे कशाला? पण यात एक चतुराई आहे. गेट बेरय आणला तर तमिळ मूल पाहुणं ठरतं, तविल आणला तर सिंहली. व्हायोलिनसमोर दोघेही सारखेच नवशिके, दोघांचेही सूर सारखेच बेसूर. अर्थात यात तोटाही आहे. एकमेकांचं संगीत शिकणं यात राहूनच जातं. मला विचाराल तर पहिली दोन वर्षं व्हायोलिन आणि मग एकमेकांचे ढोल, असा क्रम असावा.

८. राष्ट्रगीत कोणत्या भाषेत?

आता ती चौथी अट. श्रीलंकेचं राष्ट्रगीत आनंद समरकोन यांनी सिंहलीत लिहिलं आणि चाल लावली. हेही शांतिनिकेतनला जाऊन आलेले. त्याचा तमिळ अनुवाद पंडित नल्लतंबी यांनी केला, त्याच चालीवर बसणारा. कित्येक दशकं तमिळ शाळांत तो अनुवाद म्हटला जात होता.

२०१० च्या अखेरीस तमिळ रूप बंद करावं, अशी चर्चा मंत्रिमंडळापर्यंत गेली. लेखी बंदी आली नाही, पण अधिकाऱ्यांना इशारा कळला. विशेष म्हणजे, युद्धातून धडे शोधायला सरकारनंच नेमलेल्या आयोगानं २०११ च्या अहवालात नेमकं उलटं सांगितलं, की एकाच चालीवर दोन भाषांत राष्ट्रगीत म्हणायची रीत चालू ठेवा. सरकार बदललं. ४ फेब्रुवारी २०१६ ला, स्वातंत्र्यदिनाच्या मुख्य सोहळ्यात, १९४९ नंतर पहिल्यांदा तमिळमधून राष्ट्रगीत गायलं गेलं. पुन्हा सरकार बदललं, आणि २०२० च्या सोहळ्यातून ते वगळलं गेलं.

त्याच २०१६ च्या सोहळ्याच्या दिवशी एक उपकथा घडली. किशानी जयसिंघे या ऑपेरा गायिकेनं लावजींचं ते ‘दन्नो बुदुंगे’ पाश्चात्त्य पद्धतीनं गायलं. एका दूरचित्रवाणी वाहिनीनं तिची खालच्या पातळीवर टिंगल केली. आपलं पवित्र गाणं परक्या गळ्यानं बिघडवलं, असा सूर लागला. पंतप्रधानांना तिची बाजू घ्यावी लागली. भारतीय संगीतकाराची चाल, पारशी नाटकाच्या वळणाची, आणि तिच्या शुद्धतेवरून दंगा!

मुल्लैतिवूचं मूल वाद्यवृंदात जाऊन शिकतं की आपण बरोबरीचे आहोत, आणि २०२० सारख्या फेब्रुवारीत दूरचित्रवाणी लावली की शिकतं की नाही आहोत. यातला कोणता धडा जास्त टिकेल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

९. गाण्याच्या आवाक्याबाहेरचं

एक आक्षेप उरतो, आणि तो सगळ्यांत जड आहे. जानेवारी २०११ मध्ये गॉलच्या साहित्य महोत्सवाला जाऊ नका, असं आवाहन पत्रकारस्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेनं केलं. त्यावर नोम चोम्स्की, अरुंधती रॉय यांच्या सह्या होत्या. म्हणणं असं की पत्रकार गायब होताहेत आणि तुम्ही किनाऱ्यावर सोहळे करता. संगीत महोत्सवालाही हा प्रश्न लागू पडतोच.

२० फेब्रुवारी २०१७ पासून उत्तरेतल्या किलिनोच्ची इथे बेपत्ता माणसांच्या आया रस्त्याकडेला धरणं धरून बसल्या. आपला मुलगा सैन्याच्या ताब्यात दिला, तो कुठे आहे, एवढंच त्या विचारत होत्या. सरकारनं बेपत्तांसाठी कार्यालय काढलं, पण उत्तरं मिळाली नाहीत. अशा आईला सिंहली-तमिळ वाद्यवृंदाचं तिकीट देणं म्हणजे तिची थट्टा. तिच्या प्रश्नाचं उत्तर कागदपत्रांत आणि न्यायालयात आहे, कोणत्याही रागात नाही. गाण्याला न्यायाच्या जागी बसवलं की गाणंही खोटं पडतं आणि न्यायही टळतो. हे दोन्ही वेगळे ठेवले, तरच महोत्सववाल्यांना तोंड वर करून बोलता येईल.

संगीताच्या हातात जे आहे, त्यातलं सगळ्यांत स्वस्त काम मात्र अजून बाकी आहे. श्रीलंकेच्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेत संगीत हा विषय वेगवेगळा आहे. एक ‘पौर्वात्य’, म्हणजे मुख्यतः आपल्या हिंदुस्थानी वळणाचा, एक कर्नाटक आणि एक पाश्चात्त्य. सिंहली शाळेतलं मूल पहिला घेतं, तमिळ शाळेतलं दुसरा. नृत्यातही तशीच विभागणी. महोत्सवाला परदेशी पैसा लागतो, ध्वनियंत्रणा लागते, मंत्री लागतात. इथे एवढंच लागेल की प्रत्येक अभ्यासक्रमात दुसरीकडचे दोन ताल आणि एक लोकगीत सक्तीचं करायचं, आणि ते शिकवायला वर्षातून महिनाभर अंबलंगोडचा शिक्षक बट्टिकलोआला, बट्टिकलोआचा अंबलंगोडला पाठवायचा. परीक्षेत गुण आहेत म्हटल्यावर आईबाप स्वतःहून विचारतील, तो मिश्र चापू नीट बसला का रे?